रामधन काकांची सकाळची शिफ्ट

मी सुमन. शिरड शहापूरहून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या अंगणवाडीत मी सतरा वर्षं सेविका होते. आता दर सोमवारी आणि गुरुवारी हिंगोलीच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनजवळ चार तास पडून राहते. याला साडेतीन वर्षं झाली.

हे मी बरं झाल्यावर लिहिलेलं नाही. बरं होण्याचा रस्ता माझ्यापुरता बंद झालाय, तो कसा ते पुढं येईलच. आमच्याकडं नवीन पेशंट आला की त्याच्या घरची माणसं मला विचारतात, "बाई, तुमाला इतके दिवस झाले, तुमी कसं निभावता?" मी त्यांना पाण्याचं सांगते, मिठाचं सांगते, सुया टोचायचा हात कसा जपायचा ते सांगते. जे त्यांना सांगत नाही ते इथं लिहिते. या दुखण्यात शरीर जातं, ते सगळ्यांना दिसतं. माणूस आतून किती आपमतलबी होतं ते कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

*

कळलं तो लसीकरणाचा दिवस होता. मी लेकरांची वजनं घेत होते. लेकरू झोळीत बसवायचं, काटा थांबला की आकडा लिहायचा. त्या दिवशी आकडेच दिसेनात. दोन महिन्यांपासून पाय सुजत होते, तोंड कडू पडलं होतं, सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची. रक्त कमी झालं असेल म्हणून गरोदर बायांना सांगायचे तेच मी स्वतःला करत होते, पालेभाज्या, शेंगदाणे, गूळ. लस द्यायला आलेल्या सिस्टरनं माझं बीपी बघितलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधून बघितलं.

"बाई, तुमी नांदेडला जा."

"उद्या जाते. आज पन्नास लेकरं हायेत."

"उद्या न्हाई. आज."

नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडं न देता माझ्या मालकांच्या हातात दिला. त्यांचं नाव भगवान. शिरड ते औंढा ते काळी-पिवळी जीप चालवतात.

"दोन्ही किडन्या गेल्यात," डॉक्टर म्हणाले.

यांनी विचारलं, "औषधानं परत येतेत का?"

"न्हाई. मशीन, न्हाईतर दुसऱ्या कुणाची तरी किडनी."

परत येताना वसमतला यांनी जीप बाजूला लावली आणि माझ्यासाठी डझनभर केळी घेऊन आले. आजारी माणसाला फळं द्यावीत एवढंच त्यांना माहीत. केळी मला विषासारखी आहेत हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं. त्या दिवशी त्यांनी एकेक सोलून दिलं आणि मी खात गेले. आमची मुलगी प्रज्ञा तेव्हा सातवीत होती. घरी पोचलो तर ती दारातच उभी. "आई, काय म्हनले डॉक्टर?" मी म्हणाले, "गोळ्या दिल्यात." माझं पहिलं खोटं ते.

*

विनोद माझा धाकटा भाऊ. परभणीला नोकरी करतो. बायको अश्विनी, दोन लहान पोरी. वडील गेल्यावर आई शेतमजुरीला जायची आणि विनोद माझ्या कडेवर असायचा. आईला साखरेचा आजार म्हणून तिची किडनी चालेना, यांचा रक्तगट जुळेना. तेव्हा विनोद आपणहून म्हणाला, "अक्का, माझी घे. मला दोन हायेत."

सहा महिने तपासण्या चालल्या. सगळं जुळलं. मग संभाजीनगरच्या दवाखान्यात कमिटीपुढं दोघांनी हजर राहायचं ठरलं. देणाऱ्यानं तिथं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं की मी राजीखुशीनं देतोय.

सकाळी दहा वाजता आम्ही बाकावर बसलो. विनोदचा फोन बंद. अकराला बंद, एकला बंद. आमचं नाव पुकारलं तेव्हा मी हात वर केला आणि म्हणाले, "भाऊ येऊन राहिला." दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा नुसता हात वर केला. चार वाजता कमिटी उठली.

संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. "ताई, त्यांचा काई दोष न्हाई. मीच जाऊ दिलं न्हाई. माझी लेकरं लहान हायेत."

तिच्याशी मी काही बोलले नाही. आठ दिवसांनी विनोदचा फोन लागला तेव्हा मात्र बोलले. म्हणाले, "तू मला मारलंस. माझ्या मातीलाबी येऊ नको." मी फोन ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. तिच्या मातीला आम्ही दोघं होतो, तो एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. बुद्धवंदना सगळ्यांबरोबर म्हटली, पण त्याच्या आवाजात माझा आवाज मिसळू नये म्हणून मी हळू म्हटली.

*

डायलिसिसचं एकदा अंगवळणी पडलं की त्यात भिण्यासारखं फार नाही. हातात दोन जाड सुया घालतात, एकीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून आत येतं. तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात. शेवटी डोकं फुटायला लागतं. खरी शिक्षा तहानेची. दिवसाला जेमतेम दीड पेला पाणी, त्यातच गोळ्या, त्यातच चहा. उन्हाळ्यात मी प्रज्ञाच्या आंघोळीचा आवाज ऐकत बसायचे.

तहानेवरचा उपाय मला रामधन राठोड काकांनी शिकवला. त्यांचा तांडा औंढा-हिंगोली रस्त्यावरच्या एका फाट्यापासून तीन किलोमीटर आत. वय सत्तरच्या आसपास, अंगानं काटकुळे, डोक्याला कायम लाल पागोटं. त्यांची शिफ्ट सकाळी सातची, माझी दुपारी एकची. मी बाराला पोचायचे तेव्हा ते मशीनवरून उतरून बाहेरच्या बाकावर पोराची वाट बघत बसलेले असायचे.

"बाई, लवंग धरा दाताखाली," पहिल्याच आठवड्यात त्यांनी खिशातून पुडी काढून दिली. "चावायची न्हाई. नुसती धरायची. तहान लागली म्हनून तोंड सांगतं, पोट न्हाई सांगत."

तीन वर्षं आम्ही त्या बाकावर तास-तास बसलो. मी अंगणवाडीत होते म्हणून ते मला बाई म्हणायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुमाला कोन आनतं?"

"मालक आनतेत, जीपनं."

"मला दोन पोरं. एक आनतो, एक नेतो. दोघंबी सारखं घड्याळ बघतेत." आणि हसले. "त्यायचं तरी काय चुकतं? बाप झिजत चाललाय अन् शेत तिकडं थांबत न्हाई."

मला त्यांच्या सकाळच्या शिफ्टचा हेवा वाटायचा, हेही लिहायला हवं. दुपारच्या शिफ्टनंतर घरी पोचायला दिवस मावळायचा. मी ओकायचे आणि झोपून जायचे. प्रज्ञा आता दहावीला. शाळेतून येऊन ती भाकरी टाकायची, एकटीच अभ्यास करायची. सोमवार-गुरुवारच्या संध्याकाळी तिनं तीन वर्षांत मला धड जागं पाहिलं नाही. सकाळची शिफ्ट मिळाली असती तर मी दुपारी घरी पोचले असते, झोपून उठले असते, आणि ती शाळेतून येताना दारात उभी राहिले असते. माझं सगळं मागणं एवढ्यावर आलं होतं.

*

गेल्या पावसाळ्यात एक भंते वर्षावासासाठी आमच्या गावच्या विहारात राहिले. वय चाळिशीच्या आत, आवाज बारीक. संध्याकाळी ते मैत्री भावना शिकवायचे. डोळे मिटून आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग आपल्याला प्रिय असलेल्या माणसाचं, मग ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्याचं, आणि शेवटी ज्याच्यावर आपला राग आहे त्याचं. दुसऱ्या जागी मी रामधन काकांना ठेवलं. घरच्यांना ठेवलं तर रडू यायचं, काकांना ठेवलं की मन शांत राहायचं. तिसऱ्या जागी शिरडच्या बसस्टँडवरचा फळवाला. चौथ्या जागी विनोद येऊन उभा राहिला की मी डोळे उघडायचे.

एकदा सगळे गेल्यावर मी भंतेंना म्हणाले, "भंतेजी, मला भावाला माफ करता येत न्हाई."

"नका करू, ताई," ते म्हणाले. "आज नका करू. त्यालाही भीती वाटली असेल, एवढंच बघता येतं का ते बघा."

"मला मरायची भीती अन् त्याला टाके पडायची. दोन्ही सारखीच का?"

त्यांनी दिव्याची वात सारखी केली. मग त्यांनी बुद्धांच्या संघातल्या एका आजारी भिक्षूची गोष्ट सांगितली. तो घाणीत पडून होता आणि बाकीचे भिक्षू त्याच्याकडं फिरकत नव्हते. बुद्धांनी विचारलं, हे तुला का बघत नाहीत? तो म्हणाला, मी कधी कुणाच्या कामी आलो नाही, म्हणून. मग बुद्धांनी स्वतः पाणी आणून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं.

"ते बाकीचे भिक्षू वाईट होते का?" भंतेंनी मला विचारलं. "घरदार सोडून आलेली माणसं होती ती. रोज धम्म ऐकत होती."

मला ती गोष्ट आवडली. मी स्वतःला त्या आजारी भिक्षूच्या जागी ठेवून घरी आले. आपण दुसऱ्याही जागी असू शकतो हे मनातही आलं नाही.

*

वर्षावास संपला, सोयाबीनची काढणी सुरू झाली. एका गुरुवारी सकाळी आठ वाजता दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. "सुमनताई, आज राठोड काका आले न्हाईत. मशीन रिकामं आहे. लगेच येता का?"

आम्ही लगेच निघालो. त्या दिवशी मी तीनच्या आत घरी होते. थोडी झोपले. प्रज्ञा आली तेव्हा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. ती दप्तर न काढताच माझ्याजवळ बसली आणि शाळेतलं सांगत सुटली. कुणी कुणाशी बोलत नाही, कोणत्या बाईंचा तास कंटाळवाणा असतो. तिचा आवाज इतका बदललाय हे मला ठाऊक नव्हतं.

निघताना सिस्टर म्हणाल्या होत्या, "काकांनी काही कळवलं न्हाई. सोमवारीबी न कळवता आले न्हाईत तर शिफ्ट दुसऱ्याला द्यावी लागंल. पहिलं नाव तुमचंच आहे. सोमवारी सातलाच येऊन बसा."

शनिवारी काकांचा फोन आला. आवाज ओढल्यासारखा.

"बाई, पोरं मळणीत हायेत. सोमवारी मला आनायला कोनी न्हाई. तुमची गाडी आमच्या फाट्यावरूनच जाते ना? त्या दिवशी सकाळीच निघा, मी सहाला फाट्यावर येऊन बसतो. मला उचला. अन् दवाखान्याचा फोन लागंना, तुमीच सिस्टरला सांगा, म्हातारा येऊन राहिला म्हनावं."

मी म्हणाले, "बघते काका. यांना विचारते."

"दम भरून येऊन राहिला, बाई."

दम भरणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाणी छातीत चढतं. आम्ही सगळे ते ओळखतो.

मी यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते 'व्हय' म्हणाले असते, हे माहीत होतं म्हणून विचारलं नाही. रविवारी संध्याकाळी विहारात जाऊन बसले. पंचशील म्हटलं. मैत्री भावनेत दुसऱ्या जागी काका आले, त्यांना मी तिसऱ्या जागी सरकवलं.

सोमवारी पहाटे यांना म्हणाले, "आज लवकर निघू. मशीन लवकर लागंल." पावणेसहाला निघायचे ते आम्ही पाचला निघालो. साडेपाचच्या सुमारास जीप फाट्यावरून गेली. मी मुद्दाम बघितलं. फाट्यावर कुणी नव्हतं. मला बरं वाटलं. मग मी फोन बंद करून पिशवीच्या तळाला टाकला.

सुया घालताना सिस्टरनी विचारलं, "राठोड काकांचा फोन-बिन काही?"

"न्हाई," मी म्हणाले.

*

गुरुवारी सिस्टर म्हणाल्या, "राठोड काका काल गेले. त्यांच्या पोराचा फोन आला होता." मग माझी फाईल चाळत म्हणाल्या, "आता ही सकाळची शिफ्ट तुमचीच."

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते जसंच्या तसं लिहिते. मनात आलं, चला, पक्की झाली.

रडू नंतर आलं. मशीन सुरू होतं, दोन्ही सुया हातात होत्या, डोळे पुसायला एकच हात मोकळा होता. सिस्टरला वाटलं काकांसाठी रडतेय. त्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. तो हात मला सहन होईना.

घरी जाताना जीपमध्ये यांना सगळं सांगितलं. यांनी जीप थांबवली नाही, मान वळवली नाही. औंढा मागं पडल्यावर म्हणाले, "मला एक शब्द सांगितला असता तर मी तांड्यापर्यंत जाऊन त्यायला घेऊन आलो असतो."

"म्हनून तर सांगितलं न्हाई."

मग ते म्हणाले, "भावाला तू काय काय म्हनलीस, सुमन."

एवढंच. नंतर दहा-बारा दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. माझी पथ्याची भाजी आधी उकळून पाणी टाकून देणं, गोळ्या काढून ठेवणं, सगळं रोजच्यासारखं करत होते. फक्त माझ्याकडं बघत नव्हते.

*

पंधरा दिवसांनी मी यांना म्हणाले, "तांड्याला घ्या."

काकांचं घर शेवटून दुसरं. अंगणात सोयाबीनच्या भुसाचा ढीग होता. यांनी जीप लांब लावली आणि तिथंच थांबले. काकांची बायको सोनाबाई ओट्यावर बसल्या होत्या. थोरला मुलगा आतून खुर्ची घेऊन आला. मी कोण ते सांगितल्यावर सोनाबाईंचा चेहरा उजळला.

"तुमी त्या बाई व्हय! लई नाव काढायचे तुमचं. बसा, बसा."

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. फोन आला होता, निरोप दिला नाही, मुद्दाम लवकर निघाले, सिस्टरला खोटं सांगितलं. मधे थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

मुलगा खाली बघत होता. तोच आधी बोलला. "बाई, आमी पोटची पोरं असून नेलं न्हाई. तुमाला काय म्हनावं आमी?"

सोनाबाई मात्र माझ्याकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "फाट्यावर ते दुपारपर्यंत बसून व्हते. मीच पोचवलं व्हतं. दुसऱ्या गाड्या थांबल्या, ते चढले न्हाईत. म्हनले, बाईला सांगितलंय, बाई येईल अन् मी नसलो तर खोळंबंल. एका मोटरसायकलवाल्यानं घरी आनून सोडलं. मी लई बोलले तुमाला. तर मलाच म्हनले, काहून शिव्या देतीस? गाडी बिघडली असंल तिची. तिलाबी मशीन लागलं नसंल आज. तिचंच वाईट वाटत व्हतं त्यायला."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले.

"हे सांगायला काहून आलात?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "तुमाला हलकं वाटावं म्हनूनच ना? गाडी बिघडली व्हती, हे मी धरून बसले व्हते. ते बरं व्हतं. आता ते फाट्यावर बसलेले मला रोज दिसतील अन् तुमची गाडी फुडं गेलेली दिसंल. तुमचं वझं माझ्यापाशी टाकून चाललात तुमी."

मी खरं बोलायला गेले होते, शील पाळायला गेले होते, आणि तिथंही स्वतःसाठीच गेले होते.

सोनाबाई उठून आत गेल्या. मुलगा म्हणाला, "चहा घेऊन जा बाई." तो चहा आणायला आत गेला. मी थांबले. बऱ्याच वेळानं तो रिकाम्या हातानं बाहेर आला आणि म्हणाला, "आई नको म्हनती."

*

हिवाळ्यात मला थोडं चाललं तरी धाप लागायला लागली. तपासणीत निघालं की हृदय कमजोर झालंय. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता कुणी किडनी दिली तरी ऑपरेशन झेपणार नाही. किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीतलं माझं नाव काढलं. मशीन जितके दिवस चालेल तितके दिवस. त्यांनी नीट समजावून सांगितलं, माझ्याकडं बघून सांगितलं. त्याबद्दल मला त्यांचे आभार वाटतात.

त्या आठवड्यात मी विनोदला फोन केला. अडीच वर्षांनी. म्हणाले, "रविवारी ये."

तो आला, उंबऱ्याबाहेरच थांबला. केस पिकले होते. प्रज्ञानं "मामा, आत या" म्हटलं तेव्हा आत आला. मी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. माफ केलं असं म्हणायचं नाही. ते माझंच वझं त्याच्यावर टाकणं झालं असतं, हे मला तांड्यावरून कळलं होतं. त्याऐवजी त्याला काहीतरी धरून बसता येईल असं द्यायचं.

"विन्या," मी म्हणाले, "डॉक्टर म्हनाले, तुझी किडनी तेव्हा बसवली असती तरी टिकली नसती. माझं हृदय आधीपासूनच तसं व्हतं. तेव्हा तू आला न्हाईस ते एका अर्थी बरंच झालं."

"अक्का, तुझा फोन आल्यावर मी त्याच डॉक्टरांना फोन केला व्हता."

"काय म्हनाले?"

"तेव्हा झालं असतं तर हृदयावर आलंच नसतं, म्हनाले."

प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली.

"त्या दिवशी अश्विनीनं मला अडवलं न्हाई," तो म्हणाला. "तिनंच बॅग भरून दिली व्हती. मी कपडे घालून, बूट घालून खुर्चीवर बसलो. उठताच येईना. मग मीच तिला म्हनलं, तू फोन कर, तुझ्या नावावर घे. अडीच वर्षं ती बिचारी माझं खोटं अंगावर घेऊन राहिली."

"लई भीती वाटली?"

"लई."

मी त्याला रामधन काकांचं सांगितलं. पाचला निघाल्याचं, फोन बंद केल्याचं, सगळं. त्यानं 'अक्का, तू आजारी व्हतीस' असं काही म्हटलं नाही, हे बरं केलं. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो होतो. आमच्यातलं कुणीच कुणाला सोडवू शकत नव्हतं. प्रज्ञानं दोन ताटं आणून ठेवली. त्याच्या भाजीत मीठ होतं, माझ्या भाजीत नव्हतं. आम्ही जेवलो.

जाताना त्यानं विचारलं, "गुरुवारी मशीनपाशी बसायला येऊ?"

"ये," मी म्हणाले.

*

भंते आता दुसऱ्या गावी आहेत. मैत्री भावनेला मी अजून बसते. पहिल्या जागी स्वतःला ठेवणं आता मला सगळ्यात जड जातं. सोनाबाईंचं भलं चिंतताना भीती वाटते, ते चिंतणं पुन्हा माझ्याच सोयीचं नाही ना. सकाळची शिफ्ट माझ्याकडंच आहे. सोडून द्यावी असं दोन-तीनदा मनात आलं. सोडली नाही. प्रज्ञाची परीक्षा जवळ आली आहे.

विनोद त्या गुरुवारी खरंच आला. पहाटे परभणीहून निघून सातच्या आत दवाखान्यात पोचला होता. सिस्टरनी त्याला माझ्या खाटेजवळ स्टूल दिलं. सिस्टरनी सुया पाकिटातून काढल्या तेव्हा तो वाकून बघायला लागला. पहिली आत गेली, नळीत रक्त चढलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. "अक्का," एवढंच म्हणाला आणि स्टुलावरून कलंडला. सिस्टरनी धावत येऊन त्याला भिंतीशी बसवलं, बटण सोडलं, कुणीतरी पाण्याचा ग्लास आणला. नुसत्या सुईनं हा असा झाला होता. कमिटीच्या दिवशी बूट घालून खुर्चीवर बसलेला तो कसा दिसला असेल ते मला पहिल्यांदाच दिसलं.

दुसरी सुई माझ्या हातात जात होती. माझा घसा कोरडा पडला होता. तो दोन्ही हातांनी ग्लास धरून घटाघटा पाणी पीत होता, थोडं शर्टावर सांडत होतं. मी सिस्टरला म्हणाले, "त्याला अजून एक ग्लास द्या."